फोन प्रोजेक्टरला केबलने जोडायचा आहे – नेमकं काय लागतं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यंदा गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर दिला. वापरलेला आहे, पण चित्र स्वच्छ येतं. मागच्या बाजूला एक एचडीएमआय, एक निळा व्हीजीए, एक चौकोनी यूएसबी आणि आवाजाचा गोल जॅक आहे.

गावात मोबाईलला रेंज मिळते ती मारुतीच्या देवळाच्या चौथऱ्यावर. शाळा खाली ओढ्याच्या बाजूला, तिथे काहीच नाही. म्हणून बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मी घरी कराडला स्कॅन करते, दीक्षा ॲपमध्ये व्हिडिओ उतरवून ठेवते आणि वर्गात फोनवर दाखवते. पहिली ते चौथीची तेवीस मुलं फोनभोवती गर्दी करतात. पुढच्या चार-पाच जणांना दिसतं, बाकीची पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावत राहतात. लहानग्यांना तर नुसता आवाज ऐकू येतो. हेच भिंतीवर दिसायला हवं, एवढीच माझी इच्छा.

शहरातल्या दुकानातून टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली. दोन्ही टोकं व्यवस्थित बसतात, पण पडद्यावर 'नो सिग्नल'. तीच केबल माझ्या भावाच्या फोनला लावली तर लगेच चित्र आलं. म्हणजे केबल ठीक, प्रोजेक्टरही ठीक. माझ्या फोनमध्ये एखादं सेटिंग चालू करावं लागतं का? दुकानदार म्हणतात दुसरी, भारी केबल घ्या. घेण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

तारयंत्री

ताई, अजून काहीही विकत घेऊ नका. आधी दोन्ही फोनची मॉडेलं सांगा, अगदी नावापुढच्या आकड्यासकट. आणि शाळेत एखादा लॅपटॉप आहे का? जुना असला तरी चालेल.

मनमाडकर

केबलच्या भानगडीत कशाला पडायचं? फोनमध्ये स्क्रीन कास्ट, म्हणजे तारेशिवाय पडद्यावर दाखवायची सोय, असतंच की. आमच्या सोसायटीत सगळं त्यावरच चालतं.

कोयनाकाठ

तारयंत्री सर, दोन्ही मॉडेलं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. लॅपटॉप आहे, विंडोज १० चा. बॅटरी गेलीय, चार्जर लावूनच चालतो. त्याला एचडीएमआय आहे.

मनमाडकर दादा, शाळेत वायफाय नाही आणि नेटही नाही, म्हणून केबल म्हणतेय.

तारयंत्री

व्यनि पाहिला. ताई, सेटिंग शोधू नका आणि भारी केबलही घेऊ नका. तुमच्या फोनच्या पोर्टातून चित्र बाहेर येण्याची सोय आतच केलेली नाही. जगातली कुठलीही साधी टाइप-सी ते एचडीएमआय केबल त्यावर चालणार नाही. भावाचा फोन सॅमसंगच्या एस मालिकेतला आहे, त्यात ती सोय आहे, म्हणून तिथे लगेच चाललं.

जरा सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं आणि बहुतेकांचे पैसे तोवर गेलेले असतात.

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. हा आकार २०१४ मध्ये ठरला. त्यात २४ पिना असतात. काही विजेच्या, काही जमिनीच्या (ग्राउंड), मधल्या चार पिना जुन्या यूएसबी २.० च्या डेटासाठी, दोन पिना 'पलीकडे कोण जोडलंय' हे ओळखण्यासाठी आणि आठ पिना, म्हणजे चार जोड्या, वेगवान डेटासाठी. त्याच वर्षी व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची पद्धत जाहीर केली. त्या वेगवान जोड्यांवरून डेटाऐवजी थेट चित्राचा सिग्नल पाठवायचा, असा तो करार. तुमच्या केबलच्या टोकात एक छोटी चिप आहे, ती डिस्प्लेपोर्टचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलून देते. पण फोनने तो सिग्नल सोडला तरच ती काही करू शकते. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये पोर्टाला सगळ्या पिना असल्या तरी त्या आठ पिनांना आत काहीच जोडलेलं नसतं. फोन यूएसबी २.० वरच चालतो, चार्जिंग होतं, फोटो कॉपी होतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

मग यूएसबी २.० वरून चित्र का जात नाही? गणित करून बघा. फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला रंगाचे २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार होतो जवळपास ३०० कोटी बिट, म्हणजे ३ गिगाबिट. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. जशीच्या तशी चित्रं त्यातून जाऊच शकत नाहीत. दाबून, लहान करून पाठवली तर जातात, आणि त्यावर चालणारे उपाय आहेत. त्याकडे नंतर येतो.

घेण्याआधी ओळखायचं कसं? कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या माहितीत यूएसबीची ओळ वाचा. 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' असं स्पष्ट लिहिलं असेल तर बिनधास्त केबल घ्या. 'यूएसबी २.०' एवढंच लिहिलं असेल तर सहसा नाही. 'यूएसबी ३' आहे म्हणून मात्र गृहीत धरू नका. गूगलच्या पिक्सेल फोनना कितीतरी वर्षं यूएसबी ३ होतं, तरी चित्र बाहेर यायचं नाही. पिक्सेल ८ पासून ती सोय आली, तीही जून २०२४ च्या अपडेटनंतर. सॅमसंगमध्ये एस मालिकेत २०१७ च्या एस८ पासून आहे, ए आणि एम मालिकेतल्या बहुतेक फोनमध्ये नाही. आयफोनला १५ पासून. मोटोरोला, वनप्लस वगैरेंचं मॉडेलगणिक बदलतं, तिथे ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मनमाडकर

उत्तम माहिती. पण सर, कास्टला इंटरनेट लागत नाही असं वाचल्यासारखं वाटतं.

तारयंत्री

बरोबर वाचलंय. मिराकास्ट नावाची पद्धत फोन आणि पडदा यांच्यात थेट वायफाय जोडते, तिला नेट लागत नाही. पण ती समजणारं काहीतरी प्रोजेक्टरच्या बाजूला हवं. ताईंच्या प्रोजेक्टरला नुसता एचडीएमआय आहे, त्यामुळे वेगळा डोंगल, म्हणजे एचडीएमआयमध्ये खोचायचं छोटं उपकरण, घ्यावा लागेल. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमधून मिराकास्ट काढूनच टाकलेलं आहे, पिक्सेलमध्ये ते नाही. क्रोमकास्ट या गूगलच्या डोंगलला फोन आणि पडदा एकाच वायफायवर लागतात. जिथे नेट भरवशाचं आहे तिथे हे सगळं सोयीचं. जिथे नाही तिथे केबलच खरी.

जुना_खेळिया

टाइप-सीच्या आधीही हेच होतं. २०११ च्या गॅलेक्सी एस२ मध्ये एमएचएल नावाची सोय होती. साध्या मायक्रो यूएसबीच्या तोंडातूनच एचडीएमआय निघायचं, अडॅप्टरला बाजूने चार्जर लावावा लागायचा. पुढच्या वर्षी एस३ आला तर त्याच्या पोर्टात ११ पिना. जुना अडॅप्टर चालवायला मध्ये आणखी एक तुकडा लागायचा. त्याच वर्षीच्या नेक्सस ४ ला दिसायला तेच मायक्रो यूएसबी, पण आत स्लिमपोर्ट ही वेगळीच पद्धत.

हे सांगतोय ते यासाठी की बऱ्याच घरांत असे फोन कपाटात पडून आहेत. मायक्रो यूएसबीचा फोन शाळेला देणार असाल तर आधी तो एमएचएलचा की स्लिमपोर्टचा हे बघा. दोन्ही नसेल तर प्रोजेक्टरसाठी त्याचा थेट उपयोग नाही.

सई_फोंडा

माझ्या आयफोनचा अनुभव लिहिते. आमच्या भजनवर्गात मी अभंगांचे शब्द पडद्यावर लावते. लायटनिंगचा फोन आहे, ॲपलचा स्वतःचा डिजिटल एव्ही अडॅप्टर वापरते. त्याला दोन तोंडं असतात, एक एचडीएमआयचं आणि एक चार्जिंगचं. चार्जरही लावून ठेवायचा, म्हणजे तासभराच्या वर्गात फोन उतरत नाही. कुठलंही ॲप लागत नाही, लावलं की फोनवर जे आहे तेच पडद्यावर.

स्वस्तातले तसेच दिसणारे अडॅप्टर मिळतात. त्यातले बरेच बाहेरून वीज दिल्याशिवाय चालत नाहीत, आणि लावल्यावर फोनवर 'ट्रस्ट' करायचं का असा प्रश्न येतो. तो आला की समजावं की चित्र ॲपलच्या अडॅप्टरपेक्षा वेगळ्या वाटेने जातंय.

वाटसरू_नगर

कोयनाकाठ ताई, एक उपाय आहे. बाजारात तीन तोंडांची केबल मिळते: लायटनिंग, मायक्रो आणि टाइप-सी एकाच ठिकाणी, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि विजेसाठी साधा यूएसबी. कुठल्याही अँड्रॉइड फोनवर चालते असं खोक्यावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे चालली. पडद्यावर क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करून ॲप टाकायचं, की झालं.

तारयंत्री

वाटसरू, चालते हे खरं आहे. पण ते ॲप कुठून येतं ते पाहिलंत का? बऱ्याचदा प्ले स्टोअरवरून येत नाही, कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावरून फाइल उतरते, आणि तिला तुमची अख्खी स्क्रीन वाचायची परवानगी द्यावी लागते. ज्या फोनवर बँक आहे, यूपीआय आहे, मुलांची आधारसकट माहिती आहे, त्या फोनवर मी असं ॲप कधीही टाकू देणार नाही. शिक्षकांच्या फोनमध्ये तर शंभर कुटुंबांची माहिती असते.

वाटसरू_नगर

पटतंय. पण साध्या फोनवाल्यांनी मग करायचं काय? सगळ्यांनी महागडे फोन घ्यायचे का? खेड्यातल्या माणसाला हेच परवडतं.

तारयंत्री

नाही, महागडा फोन घ्यायची काहीच गरज नाही, हेच मला सांगायचंय. दोन स्वच्छ वाटा आहेत.

पहिली, डिस्प्लेलिंक. ही चिप असलेला अडॅप्टर दाबून पाठवलेलं चित्र घेतो आणि एचडीएमआयवर उलगडतो. त्यामुळे फोनच्या साध्या यूएसबीवरूनही तो चालू शकतो, फक्त फोनला ओटीजी, म्हणजे पेनड्राइव्हसारखी उपकरणं जोडता येण्याची सोय, हवी. ॲप लागतं, पण ते कंपनीचं अधिकृत, प्ले स्टोअरवरचं: डिस्प्लेलिंक प्रेझेंटर. खोक्यावर 'डिस्प्लेलिंक' असं लिहिलेलं असलं पाहिजे, नुसतं 'यूएसबी ते एचडीएमआय' असेल तर तो दुसराच प्रकार. चित्र किंचित मागे राहतं, पण वर्गातल्या व्हिडिओला पुरतं. अडॅप्टर साध्या केबलपेक्षा बराच महाग असतो, ही त्याची अडचण.

दुसरी वाट फुकट आहे आणि ताईंकडे तिचं सामान आधीच आहे. लॅपटॉप.

फोन लॅपटॉपला साध्या चार्जिंगच्या केबलने जोडायचा आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला एचडीएमआयने. मध्ये एक छोटा मोफत प्रोग्रॅम लागतो. नाव जरा अवघड आहे, एससीआरसीपीवाय (scrcpy) अशी इंग्रजी अक्षरं. २०१८ पासून आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. फोनवर वेगळं ॲप टाकावं लागत नाही आणि वापरताना नेट लागत नाही. अँड्रॉइड ५ पासून पुढचा कुठलाही फोन चालतो. फोन अँड्रॉइड ११ किंवा नंतरचा असेल तर आवाजही लॅपटॉपवर येतो.

ताई, कराडला नेट असताना गिटहब या खुले प्रोग्रॅम ठेवायच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या मूळ पानावरून विंडोजची झिप फाइल उतरवा. इतर संकेतस्थळांवरून घेऊ नका, त्याच्या नावाने बनावट पानं आहेत. लॅपटॉप घरी आणणं शक्य नसेल तर पेनड्राइव्हवर घ्या. झिप उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवा.

फोनवर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवा. शाओमीच्या फोनमध्ये त्याऐवजी कंपनीच्या प्रणालीचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली ओळ असते, तिच्यावर टेकवा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचा नवा विभाग दिसू लागेल. त्यात 'यूएसबी डिबगिंग' चालू करा. केबल जोडा. फोनवर 'या संगणकाला परवानगी द्यायची का' असा प्रश्न येईल, हो म्हणा. मग फोल्डरमधल्या त्याच नावाच्या प्रोग्रॅमवर डबल क्लिक. लॅपटॉपवर फोनची स्क्रीन उघडेल. ऑल्ट आणि एफ दाबलं की ती पूर्ण पडदाभर होते.

दोन सूचना मनापासून. केबल डेटाची हवी. काही स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात. फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला दिसत नाही. आणि काम झालं की यूएसबी डिबगिंग आठवणीने बंद करा. ते चालू ठेवून फोन अनोळखी संगणकाला जोडणं धोक्याचं आहे.

कोयनाकाठ

खूप खूप आभार सर. एक शंका. लॅपटॉपच घ्यायचा तर व्हिडिओच लॅपटॉपवर कॉपी केला तर नाही का चालणार?

तारयंत्री

साधी व्हिडिओ फाइल असेल तर तेच सर्वात सोपं, अवश्य तसंच करा. तुम्ही स्वतः चित्रित केलेलं, किंवा कुणी पाठवलेलं एमपी४, ते सरळ कॉपी करा. दीक्षात उतरवलेलं मात्र त्या ॲपमध्येच उघडतं, आणि त्यातले प्रश्न, खेळ हे तर व्हिडिओ नसतातच. त्यासाठी फोनची स्क्रीन दाखवणं बरं पडतं.

सातपुडा

मी धडगाव भागात आरोग्याच्या कामात आहे. आम्ही पाड्यांवर पोषणाचे, लसीकरणाचे व्हिडिओ दाखवतो, बहुधा संध्याकाळी अंगणात, भिंतीवर चादर लावून. आमच्या प्रोजेक्टरला पेनड्राइव्ह चालतो, त्यामुळे फोन लागतच नाही. कोयनाकाठ ताई, तुमच्या प्रोजेक्टरचं ते यूएसबी तपासून बघा. पण सगळ्यांचं सारखं नसतं. जवळजवळ चौकोनी तोंडाचं, बी प्रकारचं असेल तर ते संगणकाला जोडण्यासाठी असतं, त्यात पेनड्राइव्ह बसणारच नाही. चपट्या लांबट तोंडाचं असलं तरी काही प्रोजेक्टर फक्त फोटो दाखवतात, व्हिडिओ नाही. आणि त्या चपट्या तोंडाला फोन जोडून चित्र येईल अशी पुष्कळांची समजूत असते. सहसा येत नाही, फोन फक्त चार्ज होतो.

पाड्यांवर ज्यांना काम करायचंय त्यांना एकच सांगेन: जे दाखवायचं ते आदल्या रात्री त्याच सामानावर लावून पाहा. बायका दिवसभर राबून येऊन बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर केबलशी खटपट करत राहिलो तर अर्ध्या उठून जातात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

निलंगेकर

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा जुना प्रोजेक्टर आहे, त्याला फक्त व्हीजीए. माझ्या फोनला ती डिस्प्लेपोर्टची सोय आहे. मग काय लागेल?

जुना_खेळिया

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. दिशा नीट बघून घ्या, उलट दिशेचाही मिळतो, तो चालणार नाही. व्हीजीए १९८७ चं, त्यात सिग्नल अॅनालॉग, म्हणून मध्ये नुसती तार पुरत नाही, सिग्नल बदलणारी चिप लागते. त्या चिपला वीज एचडीएमआयच्या पिनेतून मिळते, ती फार थोडी असते. नियमाप्रमाणे जोडणाऱ्या उपकरणाने किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचे, त्यापेक्षा जास्तीचं बंधन नाही. म्हणून बाजूला छोटं यूएसबी तोंड असलेला कन्व्हर्टर घ्या. चित्र लुकलुकलं तर तिथे चार्जर लावता येतो. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे आवाजाचा जॅक असलेलाच घ्या आणि तिथून स्पीकरला तार न्या.

निलंगेकर

आभारी आहे. आणखी एक. गावात क्रिकेटची मॅच फोनवरच्या ॲपमधून लावायची होती. आवाज येतो, पडदा काळा.

तारयंत्री

ते एचडीसीपी. विकतच्या ॲपमधलं चित्र कुलूपबंद असतं आणि वाटेतल्या प्रत्येक जोडणीकडे त्याची किल्ली हवी. व्हीजीएकडे ती मुळातच नाही, डिस्प्लेलिंकच्या अँड्रॉइड ॲपवरही असं चित्र दिसत नाही. फोनपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं एचडीएमआय असेल तर दिसण्याची शक्यता जास्त. पण घरगुती वर्गणीवर सार्वजनिक ठिकाणी मॅच दाखवायची परवानगी त्या ॲपच्या अटींत आहे का, तेही वाचून घ्या.

स्टुटगार्टकर

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सभागृहाचा प्रोजेक्टर असतो. त्यावर आरत्यांचे शब्द मराठीत आणि रोमन लिपीत दोन्ही लावतो, इथे वाढलेल्या मुलांसाठी. सॅमसंग एस मालिकेतला फोन आणि टाइप-सी अडॅप्टर. लावलं की काही फोनवर डेक्स आपोआप सुरू होतं, म्हणजे पडद्यावर संगणकासारखं दिसतं आणि फोनवरचं वेगळंच राहतं. वरून खाली ओढून सूचनांमध्ये स्क्रीन मिररिंग निवडलं की फोनचंच चित्र दिसतं. आरतीसाठी मला डेक्सच बरं वाटतं, कारण फोन हातात घेऊन पुढची ओळ शोधता येते आणि लोकांना ते दिसत नाही.

लांब केबलबद्दल लिहितो, कारण सभागृहात हाच प्रश्न जास्त येतो. लांबी एचडीएमआयच्या बाजूला वाढवा, टाइप-सीच्या बाजूला नाही. अडॅप्टर फोनजवळ आखूड ठेवायचा आणि तिथून पुढे दहा मीटरची चांगली एचडीएमआय केबल. फुल एचडीला दहा मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही. त्याहून लांब न्यायचं असेल तर आत चिप असलेली केबल घ्यावी लागते, आणि तिची टोकं ठरलेली असतात, कुठलं फोनकडे आणि कुठलं प्रोजेक्टरकडे ते लिहिलेलं असतं.

जाड एचडीएमआय केबलचा भार फोनच्या पोर्टावर पडू देऊ नका. टेबलावर अडॅप्टर चिकटपट्टीने पक्का करा. आमच्याकडे एका कार्यकर्त्याच्या फोनचा पोर्ट असाच कायमचा ढिला झाला.

कोयनाकाठ

मंडळी, आज वर्गात लागलं!

लॅपटॉप घरी आणून तारयंत्री सरांनी सांगितलं तसं सगळं बसवलं. फोन पहिल्यांदा लॅपटॉपला दिसेना. केबल बदलली, फोनच्या खोक्यातली मूळ केबल लावली, लगेच दिसला. प्रोजेक्टरवर 'सोर्स' बटण दाबून एचडीएमआय निवडावं लागलं. लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी दाबून 'डुप्लिकेट' केल्यावर चित्र भिंतीवर आलं.

सकाळी परिपाठ झाल्यावर खिडक्यांना घोंगड्या लावल्या. दोन घोंगड्या मुलांनीच घरून आणल्या होत्या. सुरुवातीला चित्र मधोमध उभी पट्टी, दोन्ही बाजूंना काळं. फोनचं ऑटो रोटेट चालू करून व्हिडिओ आडवा केला, मग भिंत भरली. वर-खाली थोडं काळं राहतं, ते प्रोजेक्टर जुन्या ४:३ आकाराचा असल्यामुळे, असं माझा भाऊ म्हणाला. प्रोजेक्टरचा आवाज फारच बारीक होता. मागच्या जॅकमधून परिपाठाच्या स्पीकरला तार जोडली, मग शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

तिसरीच्या परिसर अभ्यासातला पाण्याचा भाग लावला होता. थेंब ढगातून खाली येतो तिथे पहिलीतली एक मुलगी उठून भिंतीजवळ गेली आणि थेंबाच्या वाटेवरून बोट फिरवत बसली. तिची सावली पडद्यावर पडत होती, पण कुणी तिला खाली बस म्हटलं नाही. मग सगळ्यांनाच एकेक करून बोट फिरवायचं होतं. व्हिडिओ थांबवून तसं करू दिलं. नंतर थेंब पुढे कुठे जातो ते विचारलं तर ओढा, ओढ्यातून कोयना, धरण, इथपर्यंत पोरांनी स्वतःच सांगितलं. फोनवर हाच व्हिडिओ मी आधीही दाखवला होता, तेव्हा असं काही झालं नव्हतं.

आता दोन प्रश्न. मध्येच घरून फोन आला आणि अख्ख्या वर्गाला नाव दिसलं, ते कसं टाळायचं? आणि पालकसभा देवळात असते, तिथे चार्जरवरचा लॅपटॉप नेणं अवघड आहे. तिथे काय करता येईल?

सई_फोंडा

वाचून फार आनंद झाला ताई!

फोन आणि संदेश टाळायला 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. विमान मोड त्याहून पक्का. तुमचे व्हिडिओ उतरवलेलेच आहेत, तेव्हा त्याने काही अडणार नाही. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळही वाढवून ठेवा. व्हिडिओ थांबवून मुलांशी बोलत असताना फोन झोपी गेला की भिंतही काळी होते.

तारयंत्री

ताई, अभिनंदन. व्हिडिओ थांबवून मुलांना बोट फिरवू दिलंत, ते फार आवडलं.

पालकसभेसाठी: तुमची पहिली केबल वाया गेलेली नाही. भावाचा फोन त्या दिवशी मिळत असेल तर तीच केबल, तोच प्रोजेक्टर, लॅपटॉपशिवाय काम होईल. त्या फोनवर दीक्षा टाकून लागणारे व्हिडिओ आधी उतरवून घ्या. देवळात रेंज आहे म्हणून ऐनवेळी उतरवण्यावर विसंबू नका. भाऊ दर वेळी येऊ शकत नसेल तर शाळेसाठी डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर घेण्याचा विचार करा. तुमच्या फोनवर ओटीजी चालतं, माहितीत लिहिलंय. मुंबईकर मंडळी आहेतच, त्यांना नेमकं नाव सांगता येईल.

सातपुडा

देवळात वीज कशी आहे ते बघा ताई. सभा चालू असताना वीज गेली तर प्रोजेक्टर तापलेला असतानाच पंखाही बंद पडतो. आली की लगेच चालू करू नका, दिवा थोडा थंड होऊ द्या. रोज बंद करतानाही आधी बटणाने बंद करा, पंखा थांबला की मगच भिंतीवरचं बटण. दिवा काही हजार तास चालतो, पण असं तापवून विझवलं की लवकर जातो, आणि नवा दिवा मिळायला जुन्या मॉडेलला फार शोधावं लागतं.

कोयनाकाठ

देवळात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त दिवे आणि भोंगा. प्रोजेक्टर झेपेल का ते वायरमन काकांना विचारते. भाऊ पालकसभेला यायला तयार आहे. दोन्ही फोनवर व्हिडिओ उतरवून ठेवते.

शेजारच्या वाडीवरच्या शाळेतले गुरुजी आज बघून गेले. त्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, फक्त व्हीजीए, आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. त्यांनाही जुना_खेळिया यांनी सांगितलेलाच कन्व्हर्टर लागेल ना?

जुना_खेळिया

हो, तोच. एचडीएमआय लॅपटॉपकडे, व्हीजीए प्रोजेक्टरकडे, बाजूला विजेचं तोंड आणि आवाजाचा जॅक. प्रोजेक्टरवर सोर्स 'कॉम्प्युटर' निवडायला सांगा.